चालणारा प्रोग्रॅम का कोसळतो? कम्पायलरच्या ऑप्टिमायझेशनचा इतिहास, कासूच्या वाटेने

१.
इतिहासाच्या थ्रेडमालिकेत आज विषय थोडा वेगळा आहे. ना गड, ना तह, ना बखर. आज पाहायचा आहे तो संगणकाच्या एका सवयीचा इतिहास: एकच प्रोग्रॅम, एकच संगणक, एकच माहिती, पण कम्पायलरला ‘वेगवान कर’ असे सांगितले की तो प्रोग्रॅम कोसळतो आणि ‘राहू दे’ म्हटले की निमूट चालतो. असे का होते? दोष कोणाचा? या प्रश्नाच्या उत्तरात पवईही येते आणि आमचे कासूही. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
निमित्त घरचेच. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी बारा गावांच्या शेतसाऱ्याच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. गणपतीत कासूला घरी गेले, तेव्हा अभियांत्रिकी शिकणाऱ्या चुलत भावाने त्या नोंदींच्या बेरजा आणि सरासऱ्या काढणारा छोटा प्रोग्रॅम सी भाषेत लिहून दिला. प्रोग्रॅम चालला, तक्ते आले, मी ते प्रकरणात घातलेही. पुढे नोंदी वाढल्या, म्हणून त्याने ऑप्टिमायझेशनची पातळी शून्यावरून दोनवर नेली. प्रोग्रॅम तत्क्षणी कोसळला. तो म्हणाला, “ताई, काही नाही, ऑप्टिमायझेशन बंद करतो. मग चालतंय.” मला मात्र त्या ‘चालतंय’ने अस्वस्थ केले. ते अस्वस्थपण या थ्रेडचे मूळ.

३.
आधी कम्पायलर म्हणजे काय ते पाहू. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारा तो दुभाषा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राच्याच बोलीत लिहावे लागे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रान ही भाषाही. वैज्ञानिकाने सूत्रासारखे लिहावे आणि आज्ञा कम्पायलरने रचाव्यात, ही सोय आता मुंबईतही झाली.

४.
फोर्ट्रानचा जन्म आयबीएममध्ये, जॉन बॅकस यांच्या गटाकडून. काम १९५४ मध्ये सुरू झाले, कम्पायलर १९५७ मध्ये लोकांच्या हाती आला. त्या काळी यंत्राचा प्रत्येक तास महागडा होता. हाताने आज्ञा लिहिणाऱ्या निष्णात मंडळींना खात्री होती की, दुभाष्याने केलेले भाषांतर आपल्या लेखणीइतके चपळ असणे शक्य नाही. बॅकस यांच्या गटाने म्हणूनच पहिल्या दिवसापासून वेगाचा ध्यास घेतला. कम्पायलरच्या इतिहासातली ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: ऑप्टिमायझेशन हे मागाहून चढवलेले लेणे नव्हे. कम्पायलरचा विश्वासार्हतेचा दावाच त्यावर उभा होता.

५.
ऑप्टिमायझेशन म्हणजे ‘निष्पत्ती तीच ठेवून श्रम कमी करणे’. तेच गणित दोनदा येत असेल तर एकदाच करायचे. चक्रात दर फेरीला तेच उत्तर येत असेल तर चक्राबाहेर एकदाच काढायचे. ज्याचा कधीच उपयोग होत नाही ते गाळायचे. आयबीएममधील फ्रान्सिस ॲलन आणि जॉन कॉक यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अशा रूपांतरांची पद्धतशीर सूचीच केली. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी प्रोग्रॅमच्या वाटांवरून माहिती कशी वाहते हे तपासण्याची एक समान गणिती चौकट मांडली. फ्रान्सिस ॲलन यांना २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

६.
पण ‘निष्पत्ती तीच ठेवून’ ही अट पाळणे वाटते तितके सोपे नाही. एक गणित चक्राच्या आत आहे आणि त्याच्या आधी पहारा आहे: ‘भाजक शून्य नसेल तरच भाग दे.’ कम्पायलरने पाहिले की भागाकाराचे उत्तर दर फेरीला तेच येते, म्हणून त्याने तो उचलून चक्राच्या आधी ठेवला. पहारा मात्र आतच राहिला. आता भाजक शून्य असला तरी भागाकार आधी होणार आणि प्रोग्रॅम कोसळणार. लिहिणाऱ्याने चूक केली नव्हती; गणित हलवणाऱ्याने केली. म्हणून या शास्त्रात ‘सुरक्षित स्थलांतर’ ही संज्ञा पायाभूत मानतात: ज्या वाटेवर ते गणित मुळात होणारच नव्हते, त्या वाटेवर ते नव्याने लादायचे नाही.

७.
इथे आमचे कासू येते. मुंबई-गोवा महामार्गाने पेणहून निघालात की वडखळला फाटा लागतो: एक रस्ता अलिबागला, दुसरा गडब, कासू, नागोठणे करत पुढे. नागोठण्याच्या पुढे वाकण फाट्यावर पाली-खोपोलीचा रस्ता येऊन मिळतो. कल्पना करा, वाकणला प्रत्येक वाहनाचे कागद तपासून शिक्का मारतात. पालीकडून येणाऱ्यांना तोच शिक्का पालीतच मिळालेला आहे. त्यांची तपासणी दुसऱ्यांदा होते. वडखळकडून येणाऱ्यांची मात्र पहिलीच. काम काहींसाठी अनावश्यक, काहींसाठी आवश्यक. कम्पायलरच्या शास्त्रात याला ‘अंशतः अनावश्यक’ गणित म्हणतात.

८.
उपाय उघड दिसतो: वाकणची चौकी उठवा आणि वडखळकडून येणाऱ्यांसाठी आधी कुठेतरी चौकी बसवा. पण कुठे? वडखळच्या आधी बसवली तर अलिबागला जाणाऱ्यांनाही ती लागू होते. त्यांना शिक्क्याची गरजच नाही, आणि एखाद्याचे कागद अपुरे असले तर विनाकारण तो अडकतो. वाकणला बसवली तर पालीकरांचा त्रास जैसे थे. योग्य जागा एकच: वडखळ आणि वाकण यांच्या मधला रस्ता. म्हणजे जवळजवळ आमच्या कासूच्या दारात.

९.
हा नुसता दृष्टान्त नाही. १९७९ मध्ये मोरेल आणि रेन्व्हाज यांनी अंशतः अनावश्यक गणिते काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती प्रभावी होती, पण ती गणिते फाट्यांवरच ठेवू शके; दोन फाट्यांमधल्या रस्त्यावर ठेवण्याची मुभा तिच्यात नव्हती. त्यामुळे काही अनावश्यक गणिते तशीच राहत. पवईच्या आयआयटी मुंबईतील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचे व्यवहार्य रूप मांडले. त्यात गणित दोन टप्प्यांमधल्या जोडरस्त्यावर ठेवण्याची युक्ती मध्यवर्ती होती. जगभरचे कम्पायलर-संशोधक ज्या प्रश्नाशी झुंजत होते, त्याचे एक महत्त्वाचे उत्तर पवईच्या तलावाकाठून गेले, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते.

१०.
ढमढेरे यांची कम्पायलर-रचनेवरची आणि सिस्टिम प्रोग्रॅमिंगवरची पाठ्यपुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी वाचली. १९९४ मध्ये उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी प्रोग्रॅममधील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणाचा व्यापक सिद्धान्त मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे खेडकर यांनी दोन सहलेखकांसह याच विषयावर २००९ मध्ये ग्रंथ लिहिला. आयआयटी मुंबईत जीसीसी या मुक्त कम्पायलरच्या अभ्यासासाठी एक केंद्रही उभे राहिले; त्या अवाढव्य कम्पायलरच्या आत नेमके काय चालते, हे तिथल्या कार्यशाळांतून विद्यार्थ्यांना शिकवले गेले. कोसळण्याचे मूळ शोधायचे तर कम्पायलरच्या पोटात शिरावे लागते, आणि त्याची वाट मुंबईत होती.

११.
इथवर चूक कम्पायलरची होती. सिद्धान्त पक्का झाला, चूक आटोक्यात आली. पूर्ण गेली नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी यादृच्छिक प्रोग्रॅम रचून कम्पायलरांची परीक्षा घेणारे एक साधन बनवले. तीन वर्षांत त्यांना पूर्वी अज्ञात असलेले ३२५ हून अधिक दोष सापडले, असे त्यांनी २०११ मध्ये नोंदवले. तरीही रोजच्या व्यवहारात ‘ऑप्टिमायझेशन लावले की कोसळते’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच असतो. त्यासाठी सी भाषेच्या करारनाम्याकडे वळावे लागेल.

१२.
सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. जीसीसी १९८७ मध्ये आले आणि सी भाषेचे पहिले अधिकृत अमेरिकी मानक १९८९ मध्ये. या मानकात काही कृत्यांविषयी एक विलक्षण कलम आहे: त्यांचे वर्तन अपरिभाषित. म्हणजे असे कृत्य प्रोग्रॅमने केले, तर काय व्हावे याबद्दल करार काहीही सांगत नाही. रांगेच्या शेवटच्या खणापलीकडे लिहिणे, रिकाम्या पत्त्यावर जाणे, चिन्हांकित पूर्णांक कमाल मर्यादेपुढे ढकलणे, ही त्यांतली काही. कम्पायलरने या कलमाचा अर्थ असा लावला: ‘सज्जन प्रोग्रॅम असे कधीच करत नाही. म्हणून ते घडतच नाही असे धरून मी पुढचा तर्क करीन.’

१३.
एक उदाहरण. बत्तीस बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. ती ओलांडली की बहुतेक यंत्रांत आकडा फिरून ऋण होतो. म्हणून सावध प्रोग्रॅमर लिहीत: ‘संख्येत शंभर मिळवल्यावर ती आधीपेक्षा मोठीच झाली ना, ते बघ.’ कम्पायलर म्हणाला: मर्यादा ओलांडली जात नाही असे करारात गृहीत आहे, मग शंभर मिळवलेली संख्या मोठीच असणार, तपासणी व्यर्थ, गाळून टाक. २००७ मध्ये जीसीसीच्या दोषनोंदवहीत यावरून तिखट वाद झाला. तक्रारदाराचे म्हणणे, ‘तुम्ही माझा पहारेकरी मारलात.’ उत्तर आले, ‘करार वाचा.’ २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने अशा गाळल्या जाणाऱ्या तपासण्यांबाबत जाहीर इशारा दिला.

१४.
याहून गंभीर प्रकरण २००९ मधले, लिनक्सच्या गाभ्यातले. एका ठिकाणी आधी पत्ता वापरला होता आणि नंतरच्या ओळीत ‘पत्ता रिकामा तर नाही?’ अशी तपासणी होती. आमच्या पेणच्या खाडीपट्ट्यातल्या खारबंदिस्तीवरून हे चटकन कळते. खाडीकडे बाहेरचा बांध, शेताजवळ आतला. बाहेरचा शाबूत असेतो आतला निरुद्योगी दिसतो. कम्पायलरचा तर्क असा: ‘हा माणूस बाहेरच्या शेतातून कोरड्या पायांनी आला, म्हणजे पाणी शिरलेलेच नाही, मग आतला बांध कशाला?’ आणि त्याने तो सपाट केला. एरवी रिकाम्या पत्त्यावर जाताच यंत्रणा कोसळली असती. पण हल्लेखोराला तो रिकामा पत्ता आधीच स्वतःच्या सामग्रीने भरून ठेवता येत होता. बाहेर खांड पडली आणि अडवायला आत काही उरले नाही. त्यानंतर लिनक्सचा गाभा घडवताना कम्पायलरला स्पष्ट ताकीद दिली जाऊ लागली: रिकाम्या पत्त्याच्या तपासण्या गाळू नकोस.

१५.
मग दोष कोणाचा? हा प्रश्न रायगडच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, अभ्यासकाला अपरिचित नाही. खोतीच्या काळात कूळ पिढ्यानपिढ्या जमीन कसत असे; ती त्याची वहिवाट. कागद मात्र खोताच्या बाजूने बोले. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला. वहिवाटीला कागदावर जागा हवी, हा त्या लढ्याचा गाभा. कसणाऱ्या कुळाच्या पोटाचा तो प्रश्न होता आणि त्याची बरोबरी संगणकाच्या वादाशी कोणी करू नये. पण वादाची घडण ओळखीची आहे. प्रोग्रॅमर वहिवाट सांगतो: ‘यंत्र आजवर असेच वागत आले.’ कम्पायलर कागद दाखवतो: ‘करारात तसे नाही.’

१६.
तोडगाही त्याच दिशेने निघाला: वहिवाट लिहून काढणे. १९८९ च्या मानकातच ‘व्होलाटाइल’ हा शब्द आला. तो लावलेल्या जागेचे वाचन वा लेखन कम्पायलरने परस्पर गाळायचे नाही. पूर्णांक मर्यादेपुढे गेल्यास फिरूनच येतो असे मानायला लावणारी सूचना जीसीसीत आहे. लिनक्सची ताकीद वर सांगितलीच. २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ऑप्टिमायझेशनमुळे गळून पडू शकेल असा मजकूर शोधणारे साधन रचले आणि प्रचलित प्रणालींत दीडशेहून अधिक नवे दोष उघड केले. ज्या मजकुरावर लिहिणारा विसंबून होता आणि करार विसंबू देत नव्हता, तो आता आधी शोधता येऊ लागला.

१७.
आता पुन्हा कासूच्या ओटीवर. भावाला म्हटले, बंद करू नकोस, शोधू. दोन संध्याकाळी गेल्या. त्याने बारा गावांच्या बेरजांसाठी बारा खणांची रांग केली होती. सी भाषेत खणांची मोजणी शून्यापासून होते: शून्य ते अकरा. त्याने गावांना क्रमांक दिले होते एक ते बारा. बाराव्या गावाची बेरीज म्हणून तेराव्या, अस्तित्वात नसलेल्या खणात जात होती. ऑप्टिमायझेशन नसताना त्या जागी शेजारी होता एकूण नोंदींच्या संख्येचा खण. तो बिघडत होता, पण कोसळत काही नव्हते. ऑप्टिमायझेशन लावल्यावर खणांची मांडणी बदलली. तीच चुकीची बेरीज एका पत्त्यावर जाऊन पडली आणि प्रोग्रॅम थांबला.

१८.
याचा अर्थ लक्षात आला तेव्हा मी आधी प्रबंधाची फाइल उघडली. ‘चालणाऱ्या’ प्रोग्रॅमने दिलेली प्रत्येक सरासरी चुकीची होती, कारण भागायची संख्याच बिघडलेली होती. त्या सरासऱ्यांवर मी तीन पाने विवेचन लिहिले होते, एक निष्कर्षही काढला होता. रांग दुरुस्त केल्यावर प्रोग्रॅम दोन्ही पातळ्यांवर चालला आणि दोन्हीकडे एकच उत्तर आले. निष्कर्ष मात्र टिकला नाही. ती तीन पाने मी काढून टाकली. ऑप्टिमायझेशन बंद करून आम्ही गप्प बसलो असतो, तर ती आज माझ्या नावाने ग्रंथालयात असती.

१९.
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः आकडे आता यंत्राकडून काढून घेणाऱ्या आपल्या पिढीसाठी, चार गोष्टी. प्रोग्रॅम दोन पातळ्यांवर दोन प्रकारे वागला तर तो साक्षीदाराच्या दोन जबान्यांसारखा समजावा; सोयीची जबानी निवडू नये, विसंगती शोधावी. कम्पायलर जितक्या सूचना देतो तितक्या सगळ्या चालू ठेवाव्यात. रांगेबाहेरचे लेखन चालू असतानाच पकडणाऱ्या तपासण्या आजच्या कम्पायलरांत उपलब्ध आहेत, त्या एकदा तरी लावाव्यात. आणि यंत्राने काढलेली निदान एक बेरीज हाताने पडताळावी. बारा गावांतल्या एका गावाची सरासरी मी कागदावर काढली असती, तर हा थ्रेड लिहायची वेळ आली नसती.

२०.
बॅकस यांच्या गटाला १९५७ मध्ये एक शंका दूर करायची होती: यंत्राचे भाषांतर माणसाइतके वेगवान असेल का? ती कधीच मिटली. तिची जागा दुसऱ्या शंकेने घेतली: मी जे लिहिले तेच यंत्राने वाचले का? पवईत ढमढेरे आणि खेडकर यांनी ज्या विश्लेषणावर वर्षानुवर्षे काम केले, ते गणित हलवण्यापूर्वी प्रत्येक वाट तपासायला शिकवते. वडखळहून वाकणला जाताना कासू लागले की मला आता ते आठवते. तुमच्या अभ्यासात यंत्राच्या आकड्याने कधी फसवले असेल, तर खाली जरूर लिहा. कसे सापडले तेही लिहा.